कोकणात धंदा सुरू करताय? शेड आणि सबसिडी नंतर, आधी कॅलेंडर काढा

गणपतीत आणि मग मे महिन्यात, वर्षातून दोनदा आमच्याकडे धंद्याची लाट येते. चाकरमानी गावाला आलेले असतात, पडवीत गप्पा रंगलेल्या असतात, कोणाचातरी पुतण्या म्हणतो मुंबईची नोकरी पुरे झाली आता इथेच काजूचं युनिट टाकतो, कोण कोकम सरबत म्हणतो, कोण होमस्टे, आणि सुट्टी संपायच्या आत त्यातले दोन-चार जण कागदांची पिशवी घेऊन माझ्यासमोर बसलेले असतात. मी कणकवलीत प्रोजेक्ट रिपोर्ट, जीएसटी, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असली कामं करून देतो. पहिला प्रश्न ठरलेला, "काकानू, सबसिडी किती गावतली?" दुसरा, मशीन कुठून घेऊ. माल घेणार कोण हा प्रश्न मलाच विचारावा लागतो आणि त्यावर उत्तर येतं, "मुंबईत काय, सगळं खपतं."

म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. उदाहरणं बरीचशी काजू-कोकमाची घेतलीत कारण माझ्याकडे येणारे बहुतेक तेच करायला निघालेले असतात, होमस्टेवाल्यांसाठीही पुढे थोडं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं की आपल्याकडचा छोटा धंदा कल्पना वाईट म्हणून किंवा भांडवल कमी म्हणून फारसा बसत नाही, पैसे चुकीच्या महिन्यात चुकीच्या जागी अडकले म्हणून बसतो.

आधी वर्षाचं गणित

भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि दोन रंगांची पेनं घ्या. एका रंगाने कच्चा माल कधी येतो ते लिहा, दुसऱ्याने पैसे कधी येतात ते. काजू बी फेब्रुवारी-मार्चपासून मे पर्यंत. हापूस मार्च ते मे. रातांबे म्हणजे कोकमाची फळं एप्रिल-मे, आणि वळवाचा पाऊस लवकर पडला की झाडाखालचा अर्धा माल गेलाच. आता सरबताची मागणी बघा, ऊन तापायला लागलं की मार्चपासून सुरू आणि मृग लागला की बंद. म्हणजे तुम्ही या मे महिन्यात जे सरबत कराल त्यातलं थोडं हातोहात जाईल आणि उरलेलं पुढच्या मार्चपर्यंत खोलीत पडून राहील. साखरवाल्याचे पैसे मात्र मे महिन्यातच दिलेले असतात. दहा महिने पैसे बाटलीत बंद. हे ज्याच्या डोक्यात बसलं त्याचा निम्मा प्रोजेक्ट रिपोर्ट तयार झाला म्हणून समजा.

काजूत तर हे अजून भयंकर आहे. एक किलो गर काढायला साधारण चार किलो बी लागते. समजा रोज 100 किलो बी फोडायची, म्हणजे छोटंच युनिट, वर्षाचे 250 दिवस काम धरलं तर 25 टन बी झाली. दर उदाहरणादाखल 150 रुपये किलो धरा (दरवर्षी बदलतो, तुमच्या बाजारचा टाका), साडेसदतीस लाख रुपये. आणि ही बी मिळते तीन महिन्यांत. लोक माझ्याकडे येतात ते बॉयलर, कटिंग मशीन, ड्रायर, पिलिंग मिळून दहा-बारा लाखांचं कोटेशन घेऊन, त्यात बी खरेदीला दोन लाख लिहिलेले असतात. मग ऑगस्ट उजाडला की युनिट बंद, बाया घरी, आणि हप्ता चालू. यावर उपाय आहेत, नाही असं नाही. बँकेकडून खेळतं भांडवल म्हणजे कॅश क्रेडिट वेगळं मागायचं, सुरुवातीला दुसऱ्याची बी मजुरीवर फोडून द्यायची, किंवा पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून आयव्हरी कोस्ट, बेनिनकडची आयात बी घ्यायची. फक्त ती बी फोडून पाकिटावर वेंगुर्ला काजू छापू नका, वेंगुर्ला काजूला 2016 पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि ते नाव कोणी कोणत्या मालाला लावायचं याला कायदा आहे. हापूसचंही तसंच, 2018 ला जीआय मिळालाय.

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो तो एकदा धंदेवाल्याच्या नजरेने बघा. बाई टोपलीवर बोली लावते, माल ताब्यात घेते, बर्फ मारते, टेम्पो किंवा रिक्षात टाकते आणि उद्या दुपारपर्यंत सगळा विकून मोकळी. पैसे एक दिवस अडकतात. शिल्लक राहिलं तर भाव पाडते पण घरी परत नेत नाही, फार तर मीठ लावून सुकवायला टाकते. कागद नाही, एक्सेल नाही, पण टोपली केवढ्याला पडली, बर्फ किती, भाडं किती आणि कोणत्या भावाखाली जायचं नाही हे तिच्या जिभेवर असतं. "कोकणी माणसाला धंदा जमत नाही" म्हणणाऱ्याला मी तिथे घेऊन जायला तयार आहे. आणि तिच्याही कॅलेंडरात भोक आहे, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. ते दोन महिने कसे काढायचे हे ती आधीच ठरवून असते, आपलं काजूवालं पोरगं ठरवत नाही.

एका बाटलीचा हिशोब, खोटं न बोलता

दुसरी पायरी, एक नग धरायचा आणि त्याचा जीव काढायचा. 750 मिलीची कोकम सरबताची बाटली घेऊ. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका. कोकम आणि साखर 48 रुपये, बाटली झाकण लेबल 22, गॅस-वीज 5, मजुरी 12, खोका नि चिकटपट्टी 6, फूट-गळती 3. झाले 96. एमआरपी 180 ठेवली. आता लोक काय करतात, 180 वजा 96, बाटलीमागे 84 सुटले म्हणून खूश होतात.

दुकानदार 25 टक्के मागतो. इथे पहिला घोळ होतो. तो एमआरपीवर 25 टक्के म्हणतोय, तुमच्या खर्चावर नाही. म्हणजे 45 गेले, तुमच्या हातात 135. दुकानापर्यंत पोचवायचा खर्च 8, राहिले 127. त्यातून 96 गेले की 31 रुपये. आता महिन्याचा जो खर्च बाटली विकली नाही तरी होतोच तो मांडा, हप्ता 4,000, लाईट-फोन वगैरे 2,000, आणि तुमचा स्वतःचा पगार. हा पगार कोणीच लिहीत नाही, "घरचंच आहे ना". घरचं नाही. मुंबईत 25,000 वर काम करत होतात ते सोडून आलात, इथे निदान 15,000 तरी लिहा, आणि बायको नि आई बाटल्या भरणार असतील तर त्यांची मजुरी वरच्या 12 रुपयांत धरलीय का तेही बघा. एकूण 21,000. भागिले 31. साधारण 678 बाटल्या, दर महिन्याला, जुलैमध्येसुद्धा, फक्त ना नफा ना तोटा यायला.

तीच बाटली थेट गिऱ्हाईकाला 180 ला दिली, पोचवायचा खर्च त्याने दिला, तर 84 सुटतात आणि 250 बाटल्यांत भागतं. म्हणून सुरुवातीला दुकानांच्या मागे धावू नका असं मी सांगतो. हायवेवरचा स्टॉल, रेल्वे स्टेशनजवळचं ओळखीचं हॉटेल, सोसायटीचे व्हॉट्सअॅप ग्रुप, शहरातले आंबा महोत्सव, हे आधी. दुकानं नंतर, तीही निवडून. जीएसटीत नोंदणी असेल तर एमआरपीत टॅक्स धरलेला असतो हे लक्षात ठेवा, तो वरच्या हिशोबात मी घेतलेला नाही, म्हणजे तेवढं अजून कमी सुटेल.

हा कागद झाल्यावर बरेच जण गप्प होतात. काही जण परत येत नाहीत, तेही बरंच आहे.

थोडा माल करून बघा, आणि तो नातेवाईकांना विकू नका

शेड नको, मशीन नको, दोन-तीन पातेली, एक ब्रिक्स म्हणजे साखरेचं प्रमाण मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि शे-दीडशे बाटल्या. रिफ्रॅक्टोमीटर घ्याच. सरबत, जॅम यांना फळांचं प्रमाण किती आणि ब्रिक्स किती पाहिजे याचे नियम आहेत, जॅमला 65 ब्रिक्स नि किमान 45 टक्के फळ. आईच्या हाताच्या अंदाजाने घरचं उत्तम होतं पण दुसरी घाणी पहिलीसारखी होत नाही, आणि गिऱ्हाईक तिथेच सुटतं. काही बाटल्या मुद्दाम बाजूला ठेवा, फ्रीजबाहेर, आपल्या दमट हवेत, आणि पावसाळा काढू द्या. झाकण फुगतंय का, रंग उतरतोय का, तळाला काय बसतंय. लेबलवर मुदत सहा महिने लिहायची की बारा हे त्या बाटल्या सांगतील, शेजाऱ्याच्या लेबलवरून कॉपी करू नका. शिकायचं असेल तर दापोलीचं बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आहे, ही मंडळी प्रक्रियेचं प्रशिक्षण देतात, जाऊन विचारा.

विक्रीची परीक्षा अनोळखी माणसाकडे. मावशी, शाळेतले मित्र, गावच्या मंडळाचे लोक एकदा घेतातच, "आपलो झील काय्तरी करता" म्हणून घेतात, त्याला मागणी म्हणायचं नाही. जो तुम्हाला ओळखत नाही, ज्याने पैसे देऊन बाटली नेली आणि महिन्याने स्वतःहून फोन केला, तेवढीच मोजायची. शंभरात अशी किती परत आली ते वहीत लिहा. मला कोणी प्रोजेक्ट रिपोर्ट करायला सांगितलं की मी ही वही मागतो.

कागदपत्रं, कोणते खरंच लागतात

इथे गैरसमजांचं जंगल आहे. "आधी कंपनी काढू, प्रायव्हेट लिमिटेड" हा एक. बाबांनो, प्रायव्हेट लिमिटेडला विक्री शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट आणि आरओसीचे म्हणजे कंपनी निबंधकाचे फॉर्म भरावे लागतात, सीएची फी जाते. एकटे असाल तर प्रोप्रायटर म्हणून सुरू करा, पॅन तुमचाच, बँकेत धंद्याच्या नावाने करंट खातं. दोघं-तिघं असाल तर भागीदारी पत्र लेखी, स्टॅम्पवर, कोण किती पैसे घालणार, कोण किती वेळ देणार, एकाला सोडायचं झालं तर काय, हे सगळं लिहून. सख्खे भाऊ असाल तर दोनदा लिहा. भागीदारीत एकाने केलेली धंद्याची देणी दुसऱ्याच्याही डोक्यावर येतात.

उद्यम नोंदणी फुकट आहे. पूर्ण फुकट. 2020 च्या जुलैपासून चालू आहे, आधार आणि पॅन लागतो, सरकारी साइटवर अर्ध्या तासात होते. गूगलवर वर येणाऱ्या साइट सरकारीसारख्या दिसतात आणि हजार-दोन हजार घेतात, पत्ता नीट बघा, शेवटी गव्ह डॉट इन पाहिजे.

खाण्याचं काही असेल तर एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी पहिल्या दिवसापासून, ट्रायलच्या बाटल्यांनाही. "घरगुती आहे, लागत नाही" हे चूक. छोट्यांसाठी साधं रजिस्ट्रेशन असतं, 2011 च्या नियमांत त्याची मर्यादा वर्षाला 12 लाखांची उलाढाल आणि फी वर्षाला 100 रुपये अशी होती, अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर चालू आकडे एकदा बघून घ्या. त्यावर गेलात की राज्याचं लायसन्स. विहिरीचं पाणी वापरणार असाल तर तपासून घ्या, कागद मागोत न मागोत.

शॉप अॅक्टचं म्हणाल तर महाराष्ट्रात 2017 च्या कायद्याने कामगार थोडे असतील तर (आधी दहापेक्षा कमी, 2025 मध्ये ती मर्यादा वीस झाली) फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, दरवर्षी नूतनीकरणाची कटकट नाही.

आता जीएसटी. "40 लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही" हे प्रत्येकाला पाठ आहे. मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात 40 लाख बरोबर, सेवेला 20. पण ही सवलत राज्यातल्या राज्यात. सावंतवाडीतून बांदा ओलांडून पत्रादेवीपलीकडे म्हापशाच्या दुकानात दहा खोके सरबत दिलंत की तो राज्याबाहेरचा पुरवठा झाला, तिथे उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. बेळगाव-बेंगळुरूला कुरिअर केलंत तरी तेच. सिंधुदुर्गातल्या माणसाला गोवा म्हणजे शेजारचं अंगण वाटतं, जीएसटीला वाटत नाही. कंपोझिशन म्हणजे जीएसटीची छोट्यांसाठीची सोपी योजना घेतलीत तरी राज्याबाहेर माल देता येत नाही, ते वेगळंच. ऑनलाइन मार्केटप्लेसवर मात्र ऑक्टोबर 2023 पासून सोय झालीय, राज्यातच विकणार असाल आणि मर्यादेच्या आत असाल तर पूर्ण नोंदणीऐवजी नुसता एनरोलमेंट नंबर घेऊन विकता येतं. ताजे आंबे, ताजे फणस यावर जीएसटीच नाही, त्यामुळे बागायतदारांनी यात घाबरायचं कारण नाही, पल्प काढून डबा बंद केला की मात्र गोष्ट बदलली.

लेबल. डिझायनरकडे जायच्या आधी वजनमापवाल्यांचे नियम वाचा नाहीतर दहा हजार स्टिकर फुकट जातात. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन किंवा माप, बनवल्याचा किंवा पॅकिंगचा महिना-वर्ष, सर्व करांसहित एमआरपी, दर ग्रॅम किंवा मिलीचा भाव, तक्रारीसाठी फोन-ईमेल. त्यावर एफएसएसएआयचा नंबर, घटक, बॅच नंबर, हिरवा शाकाहारी ठिपका, वापरायची शेवटची तारीख (एक्सपायरी/यूज बाय), पोषणमूल्य. प्रिझर्व्हेटिव्ह घातलं असेल तर ते लिहायचंच. पाकीटबंद माल सुरू केल्यापासून 90 दिवसांत वजनमाप खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी, फी 500. नाव आवडलं असेल तर ट्रेडमार्क करून घ्या, उद्यम असेल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे 4,500 लागतात. "मालवणी चव", "कोकण स्वाद" असली नावं मागू नका, मिळायची नाहीत आणि मिळाली तरी शेजारचा तेच लावून बसेल.

सबसिडीबद्दल, ज्यासाठी तुम्ही आलात

मुद्रा म्हणजे सबसिडी नाही. मुद्रा हे कर्ज आहे, व्याजासकट फेडायचं. शिशु 50,000 पर्यंत, किशोर 5 लाख, तरुण 10 लाख, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना 2024 पासून 20 लाखांपर्यंत. तारण लागत नाही एवढाच त्याचा फायदा, आणि तो मोठा आहे.

सबसिडीवाली ती पीएमईजीपी, केंद्राची रोजगार निर्मिती योजना. उत्पादनाला 50 लाखांपर्यंत प्रोजेक्ट, सेवेला 20 लाख. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, महिला, मागास प्रवर्ग, माजी सैनिक वगैरेंना 35. स्वतःचे पहिल्या गटाला 10 टक्के, दुसऱ्याला 5 टक्के घालावे लागतात. ही रक्कम तुमच्या हातात येत नाही. बँक आधी पूर्ण कर्ज देते, सबसिडी तुमच्या नावाने तीन वर्षं बँकेतच वेगळी ठेवली जाते, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि युनिट चालू आहे हे तपासून झाल्यावर ती कर्जात वळती होते. मधेच शटर ओढलंत तर गेली. "सबसिडीत मशीन फुकट पडतं" असं सांगणारा एजंट भेटला तर चहा प्या आणि उठा. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. खाद्यप्रक्रियेसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना, 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, कृषी खात्यामार्फत, आणि त्यात अर्ज भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असतात त्यांना तुम्ही पैसे द्यायचे नसतात. राज्याची तशीच योजना सीएमईजीपी, ती जिल्हा उद्योग केंद्रात. या योजनांना मुदती असतात आणि मध्ये नियम बदलतात, तेव्हा शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका, उद्योग केंद्रात जाऊन आज काय चालू आहे ते विचारा.

एक गोष्ट मी प्रत्येकाला लिहून देतो. सबसिडी वाढावी म्हणून प्रोजेक्ट फुगवू नका. 8 लाखांत होणाऱ्या कामाला 20 लाख दाखवले तर 25 टक्क्यांनी 5 लाख सबसिडी, पण हप्ता 20 लाखांच्या हिशोबाने, आणि तुमच्या गावच्या रातांब्यांना 20 लाखांचं मशीन पोसता येत नाही.

सातबाऱ्यावरची सत्तावीस नावं

हे खास आपलं दुखणं. आजोबांच्या नावाची जमीन, सातबाऱ्यावर चुलते, आत्या, त्यांची मुलं, त्यातले निम्मे बोरिवली-डोंबिवलीला, दोघे कोण ते माहीतच नाही. वाटप झालेलं नाही. लोक इथेच हात टेकतात. पण थांबा, छोट्या कर्जाला जमीन तारण द्यायचीच नसते, सूक्ष्म-लघु उद्योगाच्या निदान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, वरच्या रकमेला सीजीटीएमएसई या सरकारी हमी निधीची हमी मिळू शकते. बँकेला लागतो तो जागेचा पुरावा. म्हणून घर किंवा पडवी वापरणार असाल तर ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, नमुना 8, तो काढा. तलाठ्याकडचा 8 अ हा जमिनीच्या खात्याचा, वेगळा, दरवेळी कोणीतरी चुकीचा घेऊन येतो आणि परत कणकवलीची फेरी. घर बाबांच्या किंवा काकांच्या नावावर असेल तर संमतीपत्र किंवा भाडेकरार करा, कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त वर्षांचा. आणि घरगुती मीटरवर युनिट चालवू नका, महावितरणने पकडलं तर दंडासकट बिल येतं. थ्री फेज लागणार असेल तर मशीनच्या आधी अर्ज करा, मशीन येऊन पडवीत आडवं पडलंय आणि लाईन नाही हे दृश्य नवीन नाही.

सामाईक जमिनीवर नवीन शेड बांधणं हा वेगळा विषय, त्यात संमती, बिनशेती, ग्रामपंचायत सगळं येतं. माझं मत, पहिली दोन वर्षं भाड्याच्या गाळ्यात काढा.

उधारी

मुंबईतला दुकानदार पहिला खोका रोखीने घेतो, दुसरा अर्ध्या पैशांवर, तिसऱ्याला म्हणतो "पुढच्या वेळी एकदम देतो". कायद्याने उद्यमवाल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे 45 दिवसांत द्यायचे असतात, तक्रारीला सरकारी पोर्टल आहे, पण तीन खोक्यांसाठी लालबागच्या दुकानदारावर कोण केस लावणार. मोठा खरेदीदार असेल तर हा नियम बिलावर छापा, उपयोग होतो. छोट्यांसाठी साधा नियम, आधीच्या खोक्याचे पैसे आल्याशिवाय पुढचा ट्रॅव्हल्सच्या गाडीत चढवायचा नाही, मग तो गाववाला असो की मामाचा व्याही. आणि काचेच्या बाटल्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत, मुंबई-गोवा हायवेवरून... फुटीला 3 रुपये धरलेत ते कमी पडतील, प्लास्टिकच्या बाटलीचा विचार करा.

होमस्टेवाल्यांनो

तुमचं कॅलेंडर अजून लहान आहे. ख्रिसमस, मे, दिवाळीची सुट्टी आणि जोडून आलेले शनिवार-रविवार. वर्षाच्या 365 रात्री गुणिले भाडं असा हिशोब घेऊन येऊ नका, 70-80 रात्री भरल्या तर काय होतं ते मांडा आणि त्यात भागत असेल तर पुढे जा. किनाऱ्याजवळ खोल्या बांधायच्या असतील तर वाळू टाकायच्या आधी सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम बघा, भरतीरेषेपासून किती अंतरावर काय चालतं ते नकाशावर तपासून घ्या, "सगळ्यांनी बांधलंय" हे उत्तर नोटीस आल्यावर चालत नाही. पर्यटन संचालनालयाकडे न्याहारी-निवास योजनेत नोंदणी होते. महिलेच्या नावाने करणार असाल तर राज्याच्या "आई" धोरणात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे, चौकशी करा. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा असतो, हे बऱ्याच जणांना गावच्या पोलिसांनी सांगितल्यावर कळतं.

पावसाळा आणि विमा

जून ते सप्टेंबर लाईट जाणार हे धरूनच चाला. आंबापोळी, पापड, आमसुलं यांचं वाळवण मे संपायच्या आत उरकलं पाहिजे, नाहीतर ड्रायर. माल जमिनीवर नको, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर.

निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं, तौक्ते मे 2021 मध्ये, आणि त्याच वर्षी 22 जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. तिन्ही वेळा अनेकांकडे बँकेने काढलेला विमा होता, पण तो मशीन नि इमारतीचा. माल त्यात नव्हता. म्हणून पॉलिसी हातात घेऊन तीन गोष्टी बघा, स्टॉक आहे का, पूर-वादळ आहे का, आणि स्टॉकची रक्कम मे-जूनमधली धरलीय की डिसेंबरमधली. आपला सगळ्यात जास्त माल नेमका पावसाच्या तोंडावर खोलीत असतो. स्टॉक रजिस्टर लिहा, 31 मेला भरलेल्या खोलीचे फोटो काढून ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा, खरेदीची बिलं फोनमध्ये. रातांबे वाडीतून रोखीने घेतले असतील तर साध्या पावतीवर सही किंवा अंगठा घ्या, विम्याचा सर्व्हेअर तीच पहिली मागतो.

नोकरी कधी सोडू असंही सगळे विचारतात. मे महिन्याचा एक हंगाम आणि त्याच्या पुढचा एक पूर्ण पावसाळा धंदा चालवून झाला, वहीत अनोळखी माणसांच्या दुसऱ्या ऑर्डरी दिसल्या, आणि फेब्रुवारीत बी-रातांब्यांसाठी लागणारे पैसे खात्यात असले, तर राजीनामा टाका. तोपर्यंत सुट्ट्या जमवा आणि घरच्या एका माणसाला बरोबर घ्या.